मौन म्हणजे कबुली: मिशिगनच्या बेकारी विम्यातलं ‘मायडास’ प्रकरण

फॉर्मवर दोनच प्रश्न होते. पहिला: ज्या पैशांवर तुमचा हक्क नव्हता, ते मिळवण्यासाठी तुम्ही जाणूनबुजून खोटी माहिती दिलीत का? हो किंवा नाही. दुसरा: मग आपला हक्क आहे असं तुम्हाला का वाटलं? त्याखाली तयार उत्तरांची यादी. ‘मला पैशांची गरज होती.’ ‘हातात आलेला पगार सांगितला, कपातीआधीचा नाही.’ ‘कमाई कशी कळवायची ते समजलं नाही.’ ‘माझी कमाई मालकच कळवतो असं वाटलं.’ ‘माझ्या वतीने दुसऱ्याच कुणीतरी माहिती भरली.’ सगळ्यात शेवटी ‘इतर’.

हा फॉर्म अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या बेकारी विमा एजन्सीचा. नेमका संशय कशाचा, कुठल्या आठवड्याबद्दलचा, कुणाच्या सांगण्यावरून, यातलं काहीच त्यावर नसायचं. उत्तराला मुदत दहा दिवसांची. उत्तर पाठवलं तरी ते वाचायला पलीकडे माणूस असेलच असं नाही; कुठल्या खुणेला काय निकाल लावायचा ते संगणकात आधीच भरलेलं. आणि दहा दिवसांत उत्तर आलंच नाही, तर माणूस लबाड ठरला. फाइल बंद, वसुली सुरू.

ऑक्टोबर २०१३ ते ऑगस्ट २०१५ या जेमतेम दोन वर्षांत हजारो लोक असे लबाड ठरले. त्यातले बहुतेक लबाड नव्हते. या प्रकरणाची गोष्ट बहुतेक ठिकाणी ‘संगणक चुकला’ अशी सांगितली जाते. संगणक चुकला हे खरंच, पण माझ्या मते ते निम्मंसुद्धा नाही. आधी हा विमा चालतो कसा ते पाहू, कारण आपल्याकडे त्याच्यासारखं फारसं काही नाही.

हा विमा नेमका कुणाचा

अमेरिकेत बेकारी विमा ही राज्यांची गोष्ट. विस्कॉन्सिनने १९३२ मध्ये पहिला कायदा केला. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने केंद्राने बाकीच्या राज्यांनाही त्या वाटेवर आणलं आणि ऑगस्ट १९३६ मध्ये विस्कॉन्सिनमध्येच पहिला चेक निघाला, १५ डॉलरचा. चौकट केंद्राची, कारभार राज्याचा, अशी ही जोडगाडी तेव्हापासून चालू आहे.

पैसे भरतो मालक. मिशिगनमध्ये कामगाराच्या पगारातून यासाठी एक सेंटही कापत नाहीत. केंद्राचा कर प्रत्येक कामगाराच्या वर्षातल्या पहिल्या ७,००० डॉलर पगारावर ६ टक्के. राज्याचा कर वेळेवर भरला की त्यातले ५.४ टक्के माफ, म्हणजे माणशी ४२ डॉलर. राज्याचा कर वेगळा, आणि खरी मेख त्यात आहे. तो सगळ्यांना सारखा नसतो. तुमच्याकडून कामावरून कमी झालेले लोक जितके जास्त विमा घेतील, तितका तुमचा दर चढतो. मिशिगनमध्ये नव्या मालकाचा दर २.७ टक्क्यांपासून सुरू होतो आणि वाईटात वाईट खातं १०.३ टक्क्यांपर्यंत जातं. गाडीच्या विम्यासारखंच: अपघात झाला की पुढच्या वर्षी हप्ता वाढला.

यामागचा हेतू चांगला. मालकाने उगीच माणसं काढू नयेत. पण याचा दुसरा अर्थ असा, की जुन्या कामगाराचा प्रत्येक दावा मालकाच्या खिशाला लागतो. दावा आला की मालकाकडे नोटीस जाते, हा माणूस का गेला ते कळवा. ‘काम नव्हतं म्हणून कमी केला’ असं लिहिलं तर दावा मंजूर. ‘स्वतःहून सोडून गेला’ किंवा ‘गैरवर्तनामुळे काढला’ असं लिहिलं तर अडतो. पेरोलवर बसलेल्या माणसाला ही मोकळी जागा किती मोहात पाडते ते सांगायला नको.

कामगाराच्या बाजूने व्यवहार असा. नोकरी गेली की दावा टाकायचा, ‘मिशिगन वर्क्स’ नावाच्या रोजगार सेवा केंद्रात नाव नोंदवायचं, काम शोधत राहायचं आणि दर दोन आठवड्यांनी एजन्सीला कळवायचं: काम करायच्या स्थितीत आहे का, काम मिळालं का, किती कमावलं. बरीच वर्षं हे फोनवर चालायचं, एका स्वयंचलित यंत्रणेशी बोलून. तिचं नाव ‘मार्व्हिन’. मिशिगनमध्ये नोकरी गमावलेला माणूस आजही ‘मार्व्हिनला फोन केला’ असं म्हणेल, जणू मार्व्हिन म्हणजे शेजारचे काका. मिळणारी रक्कम पगाराच्या प्रमाणात, पण आठवड्याला जास्तीत जास्त ३६२ डॉलर. २००२ मध्ये ठरलेला हा आकडा पुढे वीस वर्षांहून अधिक काळ हलला नाही.

आपल्याकडे याचा सगळ्यात जवळचा नातलग म्हणजे कर्मचारी राज्य विम्याखालची अटल विमित व्यक्ती कल्याण योजना. ती २०१८ मध्ये आली, सुरुवातीला सरासरी पगाराच्या २५ टक्के, २०२० पासून ५० टक्के, तीही जास्तीत जास्त ९० दिवस. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्या विमेदारांसाठी. पुण्यातल्या आयटीवाल्याला किंवा दादरच्या दुकानातल्या नोंद नसलेल्या पोऱ्याला त्यातून काही नाही. त्यामुळे ‘बेकारी भत्ता’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सरकारची खैरात येते. मिशिगनमध्ये ती खैरात नव्हती. मालकाने हप्ता भरलेला विमा होता. हा फरक मनात धरूनच पुढचं वाचावं.

तिजोरी रिकामी, मान ताठ

२००९ मध्ये मिशिगनची बेकारी १४ टक्क्यांच्या वर गेली होती. जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दोन्ही त्याच वर्षी दिवाळखोरीत. विम्याचा निधी आटला आणि राज्याने केंद्राकडून अब्जावधी डॉलर उसने घेतले. ते फेडायला २०११ मध्ये रोखे काढले, त्यांचा भार अर्थातच मालकांवर. मालक कुरकुरले. त्याच वर्षी विधिमंडळाने विम्याचे आठवडे २६ वरून २० वर आणले. इतकी दशकं बहुतेक राज्यांत २६ आठवडे हा अलिखित नियम होता. तो मोडण्यात मिशिगन सगळ्यांच्या पुढे.

गव्हर्नर होते रिक स्नायडर. पेशाने सनदी लेखापाल, आधी संगणक कंपनीत मोठ्या पदावर, निवडणुकीत ‘वन टफ नर्ड’ हे बिरुद मिरवून आलेले. राज्यकारभार कंपनीसारखा चालवायचा हा त्यांचा बाणा. एजन्सीचा संगणक तीसेक वर्षांचा जुना होता, तो बदलणं भाग होतं, याबद्दल वाद नाही. साडेचार कोटी डॉलरहून जास्त खर्चून नवी यंत्रणा आणली. नाव ‘मायडास’: हात लावील त्याचं सोनं करणारा ग्रीक गोष्टीतला राजा. आपल्या भाषेत, परीस. नाव ठेवणाऱ्याला ती गोष्ट पुरती आठवत नसावी. त्या राजाने घासाला हात लावला आणि घासही सोन्याचा झाला.

परिसाच्या आगमनाच्या सुमारास एजन्सीने जवळपास एक तृतीयांश माणसं कमी केली. दाव्यातली विसंगती हुडकायची, संशयिताला प्रश्न पाठवायचे, उत्तर तपासायचं, निकाल द्यायचा, दंड ठोकायचा आणि वसुली लावायची, ही सगळी साखळी आता संगणकाची होती. माणसाचा हात लागायची गरजच नव्हती. बचत दाखवणाऱ्या तक्त्यांत ते फारच छान दिसलं असणार.

तेरा आठवड्यांचा भागाकार

आता यंत्राच्या पोटात शिरू.

मालक एजन्सीला पगार तिमाहीने कळवतो. जानेवारी ते मार्चमध्ये अमक्याला एकूण इतके डॉलर दिले, एवढंच. कुठल्या आठवड्यात किती, ते त्या आकड्यात नसतं. कामगार मात्र आठवड्याप्रमाणे कळवतो. हे दोन आकडे जुळवून पाहायचे तर मालकाला फोन करून आठवड्यांचा तपशील मागवावा लागतो. जुने कारकून तेच करायचे.

मायडासने सोपा उपाय काढला. तिमाहीची रक्कम घेतली, तिला तेराने भागलं.

समजा एक जोडारी आहे. तिमाहीचे पहिले सहा आठवडे त्याने ९०० डॉलरने काम केलं, एकूण ५,४००. मग कारखान्याचं काम थांबलं, तो घरी बसला आणि उरलेले सात आठवडे त्याने ३६२ डॉलर विमा घेतला. मार्व्हिनला दर वेळी खरंच सांगितलं: कमाई शून्य. मायडासने काय पाहिलं? ५,४०० भागिले १३, म्हणजे आठवड्याला सुमारे ४१५ डॉलर. तेराही आठवडे. म्हणजे हा गडी घरी बसल्याचं सांगून सात आठवडे ४१५ डॉलर कमावत होता आणि लपवत होता! सात आठवड्यांचे २,५३४ डॉलर परत करा. त्यावर दंड.

दंडाचं प्रमाण पुन्हा वाचावं असं आहे: चौपट. केंद्राच्या नियमाप्रमाणे फसवणुकीवर किमान १५ टक्के दंड लागतो. मिशिगनच्या कायद्यात तो ४०० टक्के होता, देशात इतका कुठेच नव्हता. म्हणजे आमच्या जोडाऱ्याला १०,१३६ डॉलर दंड, मुद्दल धरून १२,६७० आणि वर १२ टक्के व्याज. हा मनुष्य आठवड्याला ९०० डॉलर कमावणारा, आणि त्याने केलेलं पाप एवढंच की त्याला तिमाहीच्या मधोमध कामावरून कमी केलं होतं. नोकऱ्या काही तिमाही बघून जात नाहीत. मिशिगनसारख्या राज्यात, जिथे नव्या मॉडेलच्या तयारीसाठी कारखाने काही आठवडे बंद ठेवायची जुनी रीत आहे, तिथे असा भागाकार चालेल असं कुणाला वाटलं हेच मला कळत नाही. पेरोलच्या टेबलावर सहा महिने काढलेल्या कुठल्याही पोराने ही चूक चहा संपायच्या आत दाखवून दिली असती.

दुसरा सापळा मालकाच्या उत्तराचा. कामगार म्हणतो ‘कमी केलं’, मालक म्हणतो ‘सोडून गेला’. रोजच्या जगात ही मतभिन्नता असते. साहेब म्हणाले, ‘उद्यापासून आठवड्याला दोनच पाळ्या देईन, बघ जमतंय का.’ आता हा माणूस सोडून गेला की काढला गेला? वकील यावर दोन तास भांडू शकतात. मायडासला विसंगती दिसली की तो खोटेपणाचा संशय धरायचा, आणि खोटं बोलणारा म्हणून प्रश्नावली जायची कामगारालाच. दावे खोडून दर खाली ठेवण्याची ओढ कुणाला आहे, हे यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं.

उत्तर कुठून येणार?

एवढं सगळं होऊनही वाचायला एक फट होती. माणसाने प्रश्नावलीला नीट उत्तर दिलं असतं, ३० दिवसांत हरकत घेतली असती, तर सुनावणी मिळाली असती. कायद्यात ती सोय होती. मग हजारो लोक गप्प का बसले?

कारण प्रश्नावली बऱ्याचदा एजन्सीच्या ऑनलाइन खात्यात पडायची. विमा घेऊन झालेला, पुन्हा नोकरीला लागलेला माणूस त्या खात्यात कशाला डोकावेल? मायडास सहा-सहा वर्षं मागे जाऊन जुने दावे उकरत होता. २००९ च्या मंदीत विमा घेतलेल्याने २०१४ मध्ये ते खातं उघडायला काय कारण? काहींचं तर ऑनलाइन खातंच नव्हतं, तेव्हा सगळं मार्व्हिनवर चालायचं. कागदी पत्रं गेली ती जुन्या पत्त्यावर. मंदीत घर गेलेल्या माणसाचा जुना पत्ता म्हणजे बँकेने कुलूप लावलेलं घर. आणि ज्यांना कळलं त्यांनी फोन केले, तर एजन्सीच्या मदत क्रमांकावरचे बहुतेक फोन उचललेच जात नव्हते. राज्याच्या महालेखापरीक्षकांनी २०१६ मध्ये यावर स्पष्ट ताशेरे मारले.

आपल्याकडे ‘मौनं संमतिलक्षणम्’ म्हणतात, ते मुलीला स्थळ पसंत आहे का विचारताना. तिथेही ते कितपत खरं होतं देव जाणे. इथे एका सरकारी खात्याने तेच सूत्र गुन्ह्याला लावलं. फसवणूक सिद्ध व्हायला मिशिगनच्या कायद्यात हेतू लागतो. नुसती चूक पुरत नाही, ती जाणूनबुजून केलेली असावी लागते. हेतू शोधायचा तर माणसाला विचारावं लागतं. मायडासने विचारल्यासारखं केलं आणि न आलेलं उत्तर हाच हेतूचा पुरावा मानला.

मग बहुतेकांना कळलं कधी? पगाराची स्लिप हातात पडली तेव्हा. एजन्सी पगारातून २५ टक्क्यांपर्यंत कापू शकत होती, त्यासाठी कोर्टात जायचीही गरज नव्हती. नाहीतर फेब्रुवारी-मार्चमध्ये, आयकराचा परतावा आलाच नाही म्हणून चौकशी केल्यावर. राज्याचा परतावा, केंद्राचा परतावा, दोन्ही परस्पर वळते झालेले. खालच्या मध्यमवर्गातल्या अमेरिकन घरात त्या परताव्याचा हिशेब डिसेंबरपासून मांडलेला असतो: गाडीचे टायर, भाड्याची थकबाकी, मुलाचे दात. काहींनी दिवाळखोरीचा अर्ज केला. तिथेही एजन्सी मागे होतीच, कारण फसवणुकीचं देणं दिवाळखोरीत सहजासहजी माफ होत नाही.

पैसे गेले कुठे, हेही पाहण्यासारखं आहे. विम्याची मुद्दल विम्याच्या निधीत परत जाते, पण दंड आणि व्याज एजन्सीच्या हाताशी असलेल्या वेगळ्या खात्यात जमा होत होतं. २०११ मध्ये त्या खात्यात सुमारे ३१ लाख डॉलर होते. २०१६ पर्यंत ते साडेपंधरा कोटींच्या आसपास पोचले. परीस लागला म्हणायचा. वर्षअखेर राज्याच्या अंदाजपत्रकाचं भोक बुजवायला त्यातले एक कोटी वळवण्यात आले. ज्या खात्याला संशयाची कमाई होते, त्याच्या संशयाला लगाम कोण घालणार?

याच काळात, याच सरकारच्या कारभारात, एप्रिल २०१४ पासून फ्लिंट शहराच्या नळाला शिसंमिश्रित पाणी येत होतं आणि तक्रार करणाऱ्यांना पाणी ठीक असल्याचं सांगितलं जात होतं. दोन्ही प्रकरणांचा एकमेकांशी संबंध नाही. तरी शेजारी ठेवून वाचली की मन कसंनुसं होतं.

आकडे उलटतात

पहिली कुणकुण लागली ती सुनावणीच्या न्यायाधीशांना आणि फुकट वकिली करणाऱ्यांना. मिशिगन विद्यापीठाच्या कायदा विभागात बेकारी विम्याचं एक सल्ला केंद्र आहे, विद्यार्थी तिथे खऱ्या माणसांचे खटले चालवतात. फसवणुकीच्या प्रकरणांची रांग लागली आणि ज्यांची सुनावणी होत होती ते बहुतेक सुटत होते. एप्रिल २०१५ मध्ये डेट्रॉइटचं शुगर लॉ सेंटर ही वकिलांची संस्था आणि मोटार कामगारांची संघटना फेडरल कोर्टात गेली. खासदार सँडर लेव्हिन यांनी केंद्रातून दबाव आणला. ऑगस्ट २०१५ मध्ये एजन्सीने संगणकाचे परस्पर निकाल थांबवले. ऑक्टोबरमध्ये केंद्रीय कामगार खात्याने सगळ्याच राज्यांना लेखी कळवलं: नोंदी जुळल्या नाहीत एवढ्यावरून कुणाला दोषी धरू नका, आधी चौकशी करा, माणसाला बाजू मांडू द्या.

मग एजन्सीला जुनी प्रकरणं पुन्हा तपासावी लागली. डिसेंबर २०१६ मध्ये पहिली मोजणी बाहेर आली: केवळ संगणकाने निकाल दिलेली २२,४२७ प्रकरणं, त्यातली ९३ टक्के चुकीची. हा आकडा जगभर गाजला. २०१७ मध्ये पूर्ण मोजणी झाली. संगणकाने एकट्याने दिलेले निकाल ४०,१९५. त्यातले ८५ टक्के चूक.

पण त्याच मोजणीत आणखी एक ओळ आहे, तिच्याकडे फार कुणी बघत नाही. ज्यांत थोडाफार माणसाचा हात लागला होता, अशी २२,५८९ प्रकरणं. त्यांतही ४४ टक्के चूक.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त बोलणारा आकडा हा वाटतो. माणूस बसवला आणि तरीही लबाड ठरवलेल्यांतले जवळपास निम्मे निर्दोष निघाले. कारण त्या माणसापुढे जी फाइल आली ती ‘संशयित’ असा शिक्का घेऊनच आली. प्रश्नावली तीच, मौनाचा अर्थ तोच, हाताशी वेळ नाही, सहकारी कमी झालेले. त्याने यंत्राच्या निकालावर सही केली, एवढंच. आपल्याकडे पडताळणीच्या मोहिमांत कुणाचं नाव यादीतून उडालं की ‘आता माणसाकडून तपासून घेऊ’ असं आश्वासन मिळतं. तपासणारा माणूस काय विचारणार आणि उत्तर न मिळाल्यास काय समजणार, ते विचारायला हवं.

एजन्सीने सुमारे २.१ कोटी डॉलर परत केले. २०१७ च्या सुरुवातीला फेडरल खटल्यात तडजोड झाली. कायदाही बदलला: फसवणुकीचा निकाल देण्याआधी माणसाने तपासणं बंधनकारक झालं आणि २०१७ च्या अखेरीस चौपट दंड गेला.

भरपाईची लांबण

पैसे परत मिळाले म्हणजे नुकसान भरून निघालं असं नाही. दोन वर्षं पगार कापला गेला, भाडं थकलं, घर सोडावं लागलं, कर्जाचा इतिहास डागाळला, त्याचं काय? सप्टेंबर २०१५ मध्ये काही कामगारांनी सगळ्यांच्या वतीने राज्याच्या कोर्टात सामूहिक दावा लावला. म्हणणं साधं होतं: आमचं ऐकून न घेता आमची मालमत्ता घेतलीत, राज्यघटनेने दिलेला न्याय्य प्रक्रियेचा हक्क मोडलात.

राज्याने दावा खरा की खोटा यावर उत्तर देण्याआधी घड्याळ पुढे केलं. राज्यावर दावा करायचा तर सहा महिन्यांत नोटीस द्यावी लागते. हे सहा महिने कधीपासून? राज्य म्हणालं, आम्ही फसवणुकीचं निकालपत्र पाठवलं त्या दिवसापासून. म्हणजे जे पत्र त्या माणसाने पाहिलंच नाही, त्याच्याच तारखेपासून त्याची मुदत संपायला लागली! २०१७ मध्ये अपील कोर्टाने हे मान्यही केलं. एप्रिल २०१९ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं: इजा झाली ती पैसे ओढले तेव्हा, घड्याळ तिथून सुरू.

मग पुढचा प्रश्न: घटनेचा भंग झाला म्हणून राज्याकडून पैशांत भरपाई मागता येते का? त्याला आणखी तीन वर्षं. २६ जुलै २०२२ रोजी न्यायालयाने ‘येते’ म्हटलं, चार विरुद्ध तीन. एक मत इकडचं तिकडे असतं तर सात वर्षांचा खटला तिथेच संपला असता. त्यानंतर तीन महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, ॲटर्नी जनरल डेना नेसल यांनी दोन कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली. कोर्टाची अंतिम मान्यता जानेवारी २०२४ मध्ये. पहिल्या चुकीच्या निकालापासून दहा वर्षं. वाटा मिळाला तो ज्यांचे पैसे प्रत्यक्ष ओढले गेले होते त्यांनाच. नुसता आरोप डोक्यावर घेऊन जगलेल्यांना यातून काही नाही. यंत्रणा बनवणाऱ्या कंपन्यांवर फेडरल कोर्टात वेगळा खटला होता. तो शेवटी टिकला नाही.

मधल्या काळात एक गमतीची गोष्ट घडली. गव्हर्नर बदलले. ग्रेचेन व्हिटमर यांनी २०१९ मध्ये एजन्सीच्या संचालकपदी स्टीव्ह ग्रे यांना बसवलं. हे गृहस्थ म्हणजे विद्यापीठाच्या त्याच सल्ला केंद्राचे प्रमुख, ज्यांनी वर्षानुवर्षं या एजन्सीविरुद्ध खटले लढवले होते. चोराच्या हाती किल्ल्या देण्याची म्हण आपल्याकडे आहे. पहारेकऱ्याला घरमालक केल्याची म्हण नाही, ती इथे हवी होती. ग्रे यांना निवांत वर्षभरही मिळालं नाही. मार्च २०२० मध्ये कोरोना आला, मिशिगनमध्ये दाव्यांचा पूर लोटला, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला.

त्या पुरात खरे भामटे आले. चोरलेल्या ओळखींवर दावे टाकणाऱ्या टोळ्या, देशभर. मार्च २०२० ते सप्टेंबर २०२१ या काळात मिशिगनमधून सुमारे साडेआठ अब्ज डॉलर चोरलेल्या ओळखींच्या आणि जाणूनबुजून खोटी माहिती दिलेल्या दाव्यांत गेल्याचा अंदाज डेलॉइट या सल्लागार कंपनीने राज्यासाठी केलेल्या अहवालात आहे. जोडाऱ्याच्या सात आठवड्यांना फसवणूक म्हणणारी यंत्रणाच तेव्हा दारावर होती. २०२२ मध्ये राज्याने मायडास बदलण्याचं कंत्राट दिलं, तेही डेलॉइटलाच. विम्याचा आकडाही अखेर हलला: एप्रिल २०२५ मध्ये तो आठवड्याला कमाल ४४६ डॉलर झाला आणि विम्याचे पुन्हा २६ आठवडे झाले.

मिशिगनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसासाठीही मालक हा कर भरतो, पण नोकरी गेल्यावर विमा मिळायला ‘दुसऱ्या कामासाठी कायदेशीररीत्या उपलब्ध’ असावं लागतं आणि त्या अटीवर एच-वन-बीवाल्यांचे दावे सहसा अडतात. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. दावा टाकलात तर विमा संपल्यावरही ते ऑनलाइन खातं अधूनमधून उघडत जा आणि पत्ता बदलला की कळवा.

कोरोनाच्या काळात स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठी केंद्राने खास मदत सुरू केली होती. मिशिगनच्या एजन्सीने तिच्या अर्जात पात्रतेची काही कारणं स्वतःच घातली. केंद्राच्या नियमात ती नव्हती. लोकांनी अर्जावर जे छापलं होतं त्याच्यावर प्रामाणिकपणे खूण केली आणि पैसे घेतले. चूक लक्षात आल्यावर २०२१ च्या जूनमध्ये एजन्सीने सुमारे साडेसहा लाख लोकांना नोटिसा काढल्या: तुमची पात्रता नव्याने सिद्ध करा, यादीतलं योग्य कारण निवडा. उत्तर दिलं नाहीत तर मिळालेले पैसे परत करावे लागू शकतील. पुढे ओरड झाली आणि बऱ्याच जणांची वसुली माफ झाली. नोटिसा पोचल्या त्या अर्थातच ऑनलाइन खात्यात.